हेनबॅचमधली थेल्मा

पँट भिजत घालण्याआधी खिसे चाचपून बघायची थेल्माची जुनी सवय. पण त्या गुरुवारी हात खिशात जाण्याआधी तिची नजर गुडघ्यांवर गेली आणि तिथेच अडकली. लायनेलची राखाडी पँट. रविवारी कालव्यावर मासे धरायला जाताना हल्ली तो हीच घालायचा. दोन्ही गुडघ्यांवर तांबड्या लोकरीचे बारीक तंतू चिकटले होते. तिने एक तंतू चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेला. कालव्याच्या काठाला चिखल असतो, गवत असतं, तांबडी लोकर नसते. तिने पँट नाकाशी नेली. मेणाचा वास, ओल धरलेल्या दगडाचा वास, फार दिवस न उघडलेल्या कपाटाचा वास. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं, की कित्येक महिन्यांत फ्रीजमध्ये अळ्यांचा डबा दिसलेला नाही. गळाला लावायच्या त्या वळवळत्या अळ्या लोण्याशेजारी ठेवतो म्हणून ती वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडत आली होती. भांडण कधी थांबलं ते तिला कळलंच नव्हतं. बाहेर कॉव्हेंट्रीच्या वळणरस्त्यावरून गाड्या घरघरत चालल्या होत्या. दुसरी बाई असती तर तिला समजलं असतं. परका वास, परका केस, याची एक ठरलेली भाषा असते. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता बायकांनी ती एकमेकींना कितीदा वाचून दाखवली होती. पण गुडघे? माणूस बाईपुढे गुडघे टेकतो तो एकदाच, तरुणपणी. लायनेलने तर तेव्हाही टेकले नव्हते. बसच्या थांब्यावर उभ्याउभ्याच विचारलं होतं, आणि ती हो म्हणेपर्यंत बस आली होती.

खिशात एक घडी घातलेलं पत्रक निघालं. वर हिरव्या शाईत छापलं होतं, 'हेनबॅच आणि परिसर: ऐतिहासिक स्थळे, चर्च आणि पब'. आत हाताने काढलेला नकाशा, डोंगर, ओढा, एक मठ, एक टेकाड, चर्चचा बुटका मनोरा. घडीवर कागद झिजून पांढरा पडला होता. पुष्कळदा उघडलेला, पुष्कळदा मिटलेला.

जेवताना तिने तो त्याच्या बशीशेजारी ठेवला.

"हे हेनबॅच कुठे आलं?"

त्याचा काटा मटारांवरच थांबला. "श्रॉपशरमध्ये असेल. डोंगरात. का?"

"तुझ्या खिशात होतं."

"क्लबात कुणीतरी वाटत होतं."

"शनिवारी जाऊ या."

"तिथे काय ठेवलंय बघायला, थेल्मा? एक पडका मठ, एक टेकाड, दोन पब."

"तू जाऊन आलायस?"

"छे. लिहिलंय ना त्यात." मग बराच वेळ तो मटार एकेक करून टोचत राहिला. तिला वाटलं होतं त्यातली एकही सबब त्याने सांगितली नाही, गाडीचा आवाज येतोय, पाऊस असेल, पाय दुखतात. म्हणाला, "जाऊ. तुला हवंच असेल तर जाऊ." हे त्याचं होकार देणं तिला त्या लोकरीहून जास्त खुपलं. लपवायचं असतं तर त्याने नाही म्हणायला हवं होतं. दाखवायचं असतं तर आधी सांगायला हवं होतं. तो दोन्ही करत नव्हता. विहिरीच्या काठावर उभ्या माणसाने मागून कुणी ढकलायची वाट बघावी तसा तो बसला होता, आणि ढकलायचं काम तिच्याकडे आलं होतं.

रात्रंदिवस शेजारी असलेल्या माणसाविषयी आपल्याला काय ठाऊक आहे, याचा हिशेब ती शनिवारी गाडीत बसल्या बसल्या मनात मांडत होती. त्याला चहात दूध आधी लागतं. त्याने सगळी उमर यंत्रांच्या कारखान्यात काढली आणि निवृत्त झाल्यापासून त्याचे हात मांडीवर नको असलेल्या पाहुण्यांसारखे पडून असतात. त्यांना मूल नव्हतं आणि त्याबद्दल ते शेवटचं कधी बोलले ते दोघांनाही आठवत नसेल. तो शेकोटीजवळ बसत नाही. लहानपणी, युद्धात, कॉव्हेंट्रीवर बाँब पडले त्या नोव्हेंबरात त्याची गल्ली जळताना त्याने बघितली होती, घराघरांतून माणसं बाहेर काढताना बघितली होती. एवढंच तिला माहीत. तेही त्याच्या आईकडून. तिच्या स्वतःच्या वडिलांना विद्युतदाहिनीत दिलं तेव्हा लायनेल आत आलाच नव्हता. बाहेर फुलांच्या वाफ्यांपाशी टोपी हातात धरून उभा होता, आणि तिने त्याला त्याबद्दल पुढे पुष्कळ वर्षं टोमणे मारले होते. खिडकीबाहेर कारखाने मागे पडले, मग घरं मागे पडली, मग रस्त्याला दोन्ही बाजूंनी उंच कुंपणं आली आणि आभाळ चिंचोळं झालं. नकाशा तिच्या मांडीवर होता. लायनेलने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. फाट्याफाट्यावर गाडी आपसूक वळत होती, घोडा तबेल्याकडे वळावा तशी.

मठात कुणी नव्हतं. छप्पर कधीच गेलेलं, उंच रिकाम्या कमानी, कमानींत डोमकावळे. मधल्या जागेत गवत इतकं नीट कापलेलं होतं की त्याचीच भीती वाटत होती; एवढ्या ओसाड जागी येऊन कोण एवढं नीट कापतं? एका भिंतीत वर चढणारा अरुंद जिना होता. थेल्मा पुढे झाली, आणि तिने पाय उचलण्याआधी मागून लायनेल म्हणाला, "त्या पायरीवर जपून. हलते ती." ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. तो कमानीकडे बघत होता. तिने पायरीवर हलकेच पाय ठेवला. पायरी हलली.

ती काही बोलली नाही. का नाही बोलली? हेही पुढे तिने स्वतःला पुष्कळ विचारलं. विचारलं असतं तर तिथेच, उघड्यावर, कावळ्यांच्या साक्षीने काहीतरी मोकळं झालं असतं. पण तिला विचारायचं नव्हतं, तिला पकडायचं होतं. आणि या दोन्हींत केवढा फरक आहे हे तिला तेव्हा कळत नव्हतं. टेकाडावर चढून गेल्यावर वारा कानात शिरला. कुठल्या जुन्या सरदाराने इथे लाकडी गढी बांधली होती म्हणे, आता नुसती माती आणि शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या. खाली सगळं हेनबॅच हाताच्या तळव्यावर ठेवल्यासारखं दिसत होतं. लायनेल दाखवत होता: तो ओढा, ती पाणचक्की, ते शाळेचं घर, तो प्लाऊ नावाचा पब, तिथलं सफरचंदाचं मद्य नावाजलेलं आहे म्हणतात. त्याचं बोट दरीवरून सरकत सरकत चर्चच्या मनोऱ्यापाशी आलं आणि त्याला वळसा घालून पुढे गेलं. मनोऱ्याशेजारी एक काळाकभिन्न यू वृक्ष होता, इतका मोठा की भर दुपारी तेवढ्या जागेपुरती संध्याकाळ झाल्यासारखी वाटत होती.

"आणि ते?" तिने विचारलं.

"ते? चर्च असेल."

दुपारी ते दरीच्या वरच्या टोकाच्या रोबक नावाच्या पबमध्ये जेवले. चीज, पाव, लोणच्यातला कांदा. पबच्या कोपऱ्यात एक म्हातारा शेतकरी पेल्यावर झोपला होता आणि त्याच्या पायाशी एक पांढरा-काळा कुत्रा. लायनेल बसला मात्र, कुत्रा उठला, अंग झाडलं, सगळी खोली ओलांडून आला आणि लायनेलच्या बुटावर हनुवटी टेकून पडला. लायनेलचा हात टेबलाखाली गेला. कुत्र्याने डोळे मिटले. तेवढ्यात म्हाताऱ्याने एक डोळा उघडला.

"काय रे लायनेल, आज शनिवारीच?"

"हो, आज शनिवारीच," लायनेल म्हणाला, आणि लोणच्याच्या कांद्याचे बारीक बारीक तुकडे करू लागला. म्हाताऱ्याने थेल्माकडे बघून अदबीने मान लववली, जरा जास्तच अदबीने, मयताच्या घरी आलेल्या नातेवाइकाला बघून लववतात तशी, आणि पुन्हा डोळा मिटला. थेल्माने हातातला पाव खाली ठेवला. आता विचार, आता विचार, असं तिच्या आत कुणीतरी म्हणत होतं. तिने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "आता चर्च बघू."

"बंद असेल. हल्ली चोऱ्यांमुळे कुलूप घालतात."

"बघू तर."

चर्चचं दार सताड उघडं होतं. लायनेलने गाडी फाटकापाशी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. "तू ये जाऊन. माझा गुडघा धरलाय. मी प्लाऊमध्ये बसतो." त्याने हे तिच्याकडे न बघता म्हटलं. ती उतरली. गाडी गेली. यूच्या झाडाखालून जाताना हवा गारठली; जुन्या दगडांवर शेवाळ इतकं दाट चढलेलं, की नावं केव्हाच बुजलेली. दारावर कुणा जुन्या पाथरवटाने एक तोंड कोरून ठेवलं होतं, डोळे बटबटीत, जीभ बाहेर. आत पाऊल टाकताच तिला तो वास आला. मेण, ओला दगड, बंद कपाट. तिच्या घरातल्या धुण्याच्या टोपलीतला वास इथे प्रचंड होऊन छतापर्यंत भरून राहिला होता. सुगीच्या प्रार्थनेची तयारी चाललेली दिसत होती. खिडक्यांच्या ओट्यांवर भोपळे, सफरचंदं, पेंढीच्या आकाराचा भाजलेला पाव, आणि मधेच पीचचे डबे. आणि प्रत्येक बाकाशी, गुडघे टेकण्यासाठी, एकेक लोकरीने विणलेली उशी. तांबडी. रांगेने सगळ्या तांबड्या. तिने एक उचलून घेतली. काय वाटायला हवं होतं? हायसं वाटायला हवं होतं. नवरा चोरून देवाला भजतो, एवढंच ना? बायका याहून वाईट काय काय सोसतात. पण तिचा हात त्या उशीवरून फिरत राहिला आणि हायसं काही वाटेना.

"घ्या ना, बसा ना," मागून आवाज आला. "माझ्या हाताची आहे ती. त्या हरणाचे पाय चुकलेत माझ्याकडून, बघू नका नीट." शेवंतीची मोठी जुडी छातीशी धरून एक ठेंगणी, तांबड्या गालांची बाई उभी होती. "मी हेटी प्रॉसर. इथलं सगळं बघते, म्हणजे पाद्रीसाहेबांना जे दिसत नाही ते." ती हसली, मग फाटकाकडे बघून थबकली. "ती लायनेलची गाडी होती ना? अगं बाई! मग तुम्ही त्याची बहीण असणार. म्हणाला होता तो, एक बहीण आहे म्हणून."

लायनेलला बहीण होती. त्या नोव्हेंबरापर्यंत होती.

थेल्माने तोंड उघडलं. पुढे तिने हा क्षण कितीदा उलटून पालटून बघितला. दर वेळी तिला तिथे दोन शब्द दिसायचे, एकाशेजारी एक, हातात घेण्याजोगे, आणि दर वेळी तिचा हात त्यातल्या दुसऱ्याकडेच जायचा.

"हो," ती म्हणाली.

हेटीने फुलं बाकावर ठेवली आणि थेल्माचे दोन्ही हात हातांत घेतले. हात ओले होते, उबदार होते. "बरं झालं आलात. फार बरं झालं. एकट्या माणसाचे शनिवार-रविवार म्हणजे काय असतात ते मला विचारा. पहिल्यांदा आला तेव्हा शेवटच्या बाकावर बसला होता, कोट न काढता. मी आपलं सहज विचारलं, बायको नाही आली? तर म्हणाला, गेली. एवढंच. आणि त्याचा चेहरा असा झाला, बाई, की मला स्वतःलाच मेलीला थोबाडावंसं वाटलं."

छताजवळच्या भिंतीवर शेवटच्या निवाड्याचं एक पुसट चित्र होतं, एका बाजूला पांढरी माणसं वर चाललेली, दुसऱ्या बाजूला तांबडी माणसं खाली. थेल्मा त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही थेल्माला ओळखत असालच," हेटी म्हणाली. "म्हणजे काय, भावजयच ती."

"फारशी नाही," थेल्मा म्हणाली. "आमचं येणंजाणं कमी होतं. कशी होती म्हणतो तो?"

"अहो, सोन्यासारखी! लग्नाआधी जत्रेत पाळण्यात बसली, वर गेल्यावर पाळणा अडकला, बाकीच्या पोरी रडायला लागल्या, आणि ही वरून ओरडून ओरडून खालच्या लोकांना गोष्ट सांगत बसली. सगळी जत्रा हसून लोळली म्हणे. त्या दिवशी ठरवलं त्याने. आणि शाळेत वाढायला होती ना, तर दुबळ्या पोरांच्या ताटात खिमा जास्त पडावा म्हणून पळी अशी तिरकी धरायची, मुख्य बाईंना दिसू नये अशी. हे तिला वाटायचं कुणाला माहीत नाही. त्याला माहीत होतं. एकदा ती डबा विसरली म्हणून द्यायला गेला होता, खिडकीतून बघितलं." हेटीने डोळे टिपले. "आम्ही गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिवशी, तिच्या नावाची मेणबत्ती लावली. पाद्रीसाहेबांनी नाव वाचलं. सगळे उभे राहिलो."

पाळण्याचं थेल्मा विसरून गेली होती. संपूर्ण विसरली होती. आता ते सगळं एकदम आलं: वरची हवा, खाली टोप्यांचे ठिपके, आणि आपला आवाज, केवढा मोठा, केवढा निर्भय. तो आवाज कुणाचा होता? पळी मात्र तिची होती. मनगटात अजून तो तिरका कोन होता. एवढी वर्षं एकाच पलंगावर त्याच्या पाठीकडे बघत झोपलो, आणि या माणसाने हे सगळं जपून ठेवलं होतं, आणि खर्च केलं ते इथे, परक्या बायकांपुढे, ती मेल्यावर. तिला त्या बाईचा हेवा वाटला. त्या सोन्यासारखीचा, जिच्यासाठी माणसं उभी राहिली. जिवंतपणी तिच्यासाठी बसमध्येसुद्धा कुणी उभं राहत नव्हतं.

"चला, त्याने जागा घेतलीय ती दाखवते," हेटी म्हणाली.

"कसली जागा?"

"सांगितलं नाही? अवघडतात हो पुरुष असल्या गोष्टींना." ती पुढे चालू लागली, यूच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला, जिथे गवत अजून अखंड होतं. "बाहेरच्या माणसाला इथली माती सहसा मिळत नाही. पण अर्धं वर्ष नेमाने प्रार्थनेला आलं, की आपल्यात धरतात. हा पावसात आला, बर्फात आला. मग रीतसर परवानगी मागितली. मला म्हणाला, हेटी, मला जाळू देऊ नकोस. लहान पोरासारखं म्हणाला. इथे, बघा. सकाळचं ऊन पहिलं इथे येतं." गवतात एक लाकडी खुंटी ठोकलेली होती.

"एकच?" थेल्माने विचारलं.

"हो, तिची राख समुद्रात सोडली ना, वेल्सच्या किनाऱ्यावर. तिची तशी इच्छा होती म्हणाला. मग दुसरी कशाला लागते?"

थेल्माने कधीच असं म्हटलं नव्हतं. स्वतःसाठी माती, सकाळचं ऊन, डोंगर. आणि तिला आग. ज्या गोष्टीला तो जन्मभर भीत आला ती त्याने हातासरशी तिला देऊन टाकली होती. आणि सर्वांत भयंकर हे, की देताना त्याला काही वाटलं नसावं, कारण ती होतीच कुठे? तिने खुंटीकडे बघितलं. पायाखालची जमीन मऊ होती. वारा पडला होता आणि यूच्या झाडाचं एकही पान हलत नव्हतं. कुणीतरी आपल्याला लांबून हाक मारतंय आणि नाव ऐकू येत नाही, असं तिला वाटलं.

"शेजारची अजून मोकळी आहे," हेटी हळूच म्हणाली. "बहिणीला मिळेल. विचार करून ठेवा. चला आता, प्लाऊमध्ये सगळ्यांना दाखवते तुम्हाला."

प्लाऊचं छत इतकं बुटकं होतं की तुळया डोक्याला लागतील असं वाटे. शेकोटी पेटलेली होती आणि लायनेल तिच्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात बसला होता. त्या दोघींना हातात हात घालून आत येताना बघून तो अर्धा उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना थेल्माने बघितलं. हाच क्षण तिला हवा होता. पकडला. आता सगळी खोली तिच्या हातात होती, एका वाक्याने जमिनीवर आपटता येईल अशी. तो नुसता बघत होता. त्याच्या डोळ्यांत गयावया नव्हती. वाट बघणं होतं.

"किती छान आहे रे तुझी बहीण, लायनेल!" हेटी म्हणाली. "इतके दिवस लपवून ठेवलीस?"

"लपवली कुठे," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

पबवाली, हाडापेराने मजबूत डोरिन, दोन पेले घेऊन आली. एक त्याच्यासमोर न विचारता ठेवला. "बहिणीकडून आज पैसे नाहीत घ्यायचे. आणि मंडळी, जरा इकडे बघा. पाहुणी आलीय घरात, तेव्हा एक घोट तिच्या नावाने. थेल्माच्या." खुर्च्या सरकल्या. गवंडी, मेंढपाळ, शाळेची बाई, जे कोण होते ते सगळे उठले. "थेल्मासाठी," म्हणाले. साध्या, जड, खऱ्या आवाजात. थेल्मा उभी राहिली. पेला थंड होता. लायनेलही उभा होता, पेला छातीशी धरून, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते खोटं नव्हतं. तिने पेला उचलला आणि प्यायली. सफरचंदाची आंबट चव नाकात गेली. एवढ्या माणसांनी तिच्यावर इतकी माया कधी केली नव्हती.

"पण बाई, मी तुमचं नावच विचारलं नाही," हेटी म्हणाली.

खिडकीच्या काचेला भिंतीवरची वेल चिकटली होती, गडद, चिवट, दगडाच्या फटीत बोटं रोवलेली. त्या वेलीचंच नाव थेल्माच्या तोंडात आलं.

"आयव्ही," ती म्हणाली.

"पुढच्या रविवारी सुगीची प्रार्थना आहे, आयव्ही. नंतर सगळे एकत्र जेवतो. याल ना?"

"येईन की."

परतीच्या वाटेवर कुंपणं पुन्हा दोन्ही बाजूंनी जवळ आली. मग लायनेल समोर बघत म्हणाला, "पहिल्यांदा आलो त्या दिवशी क्लबाची सहल होती. बाकीचे पबात बसले, मी थंडी म्हणून चर्चमध्ये शिरलो. हेटीने विचारलं, बायको नाही आली? मी म्हणणार होतो, तिच्या बहिणीकडे गेलीय. गेली म्हटलं, आणि पुढचं तोंडातच राहिलं. तिने माझा हात धरला. मग कसं मागे फिरायचं?"

"कशाने गेले मी?"

गाडी एका पुलावरून गेली.

"पोटात गाठ होती," तो म्हणाला.

"फार त्रास झाला?"

"शेवटी शेवटी नाही झाला."

"तू होतास जवळ?"

"सगळा वेळ," तो म्हणाला, आणि हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की तिला क्षणभर बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की आपला तळहात केव्हाचा पोटावर आहे आणि तो तिथून काढायचं धैर्य आपल्याला होत नाहीये. आपण आता ओरडायला हवं, असं तिला वाटलं. गाडी थांबव म्हणायला हवं, त्याच्या खांद्याला धरून हलवायला हवं, मी आहे, ही बघ मी आहे. पण ते ओरडायचं कुणी? जत्रेतली ती मुलगी समुद्रात गेली होती. जिला घरी नेलं जात होतं ती कपाळाला आठ्या घातलेली, टोमणे मारणारी बाई त्याला नको होती; तिलाही ती फारशी कधी आवडली नव्हती. लांबवर शहराचा तांबूस उजेड ढगांना लागला होता. लायनेलचे खांदे सैल पडले होते. कित्येक वर्षांत प्रथमच तो हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होता, चर्चमधलं असावं. मग त्याने मान वळवली, तिच्याकडे बघितलं, आणि थेल्माशी तो कधीच बोलला नव्हता इतक्या मायेने म्हणाला, "आयव्ही, वारा लागतोय तुला. काच वर घे."

तिने काच वर घेतली.